सीमा ओलांडण्यापूर्वी : शेंगेन व्हिसा आणि शेजारचे देश

परदेश प्रवासाचे स्वरूप गेल्या काही वर्षांत पुष्कळ बदलले आहे. बारा दिवसांत आठ देश दाखविणाऱ्या सहली आजही निघतात. तथापि म्युनिक, स्टुटगार्ट, ॲमस्टरडॅम अशा शहरांत नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या मुलामुलींकडे महिना-दोन महिने राहावयास जाणाऱ्या आईवडिलांची संख्याही आता मोठी आहे. मुलांच्या घरून आठवड्याच्या सुट्टीत शेजारच्या देशात फेरफटका मारणे हा या मुक्कामातील आनंदाचा भाग असतो. सकाळी जर्मनीतून निघावे, दुपारचे जेवण ऑस्ट्रियात घ्यावे आणि रात्री इटलीत मुक्कामास पोहोचावे, हे तेथे सहज शक्य आहे. वाटेत सीमा येते. पण ती कळतही नाही.

या सहजतेमुळेच एक समजूत रूढ झाली आहे. आपल्या पासपोर्टवर ‘युरोपचा व्हिसा’ आहे, तेव्हा युरोपात कोठेही जावे आणि परत यावे, असे अनेक प्रवाशांना वाटते. वस्तुतः ‘युरोपचा व्हिसा’ अशी गोष्ट अस्तित्वात नाही. जो व्हिसा आपल्याला मिळतो तो शेंगेन क्षेत्राचा. त्या क्षेत्राच्या आत सीमा जवळजवळ अदृश्य आहेत. त्याच्या कडेला मात्र त्या पूर्वीइतक्याच खऱ्या आहेत. शिवाय त्या कडेपलीकडचे काही देश शेंगेन व्हिसा पाहून भारतीयांना स्वतंत्र व्हिसाशिवाय प्रवेश देतात. प्रश्न तेथे जाण्याचा नसतो, तेथून परत शेंगेन क्षेत्रात येण्याचा असतो. या लेखात त्या नियमांचा परिचय करून देण्याचा प्रयत्न आहे.

एका लहान गावाचे मोठे नाव

शेंगेन हे लक्झेंबर्ग देशातील मोझेल नदीकाठचे एक छोटे गाव. फ्रान्स, जर्मनी आणि लक्झेंबर्ग यांच्या सीमा या ठिकाणी एकत्र येतात. १४ जून १९८५ रोजी बेल्जियम, फ्रान्स, तत्कालीन पश्चिम जर्मनी, लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्स या पाच देशांच्या प्रतिनिधींनी नदीत नांगरलेल्या ‘प्रिन्सेस मारी-ॲस्ट्रिड’ या बोटीवर एका करारावर स्वाक्षऱ्या केल्या. परस्परांमधील सीमांवरील तपासणी हळूहळू बंद करावी, असा त्याचा आशय होता. पुढे १९९० मध्ये अंमलबजावणीचा सविस्तर करार झाला आणि २६ मार्च १९९५ पासून सात देशांमध्ये ही व्यवस्था प्रत्यक्षात आली.

आज या क्षेत्रात २९ देश आहेत. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ रोजी त्यात सामील झाला. बल्गेरिया आणि रुमानिया यांच्या हवाई व सागरी सीमांवरील तपासणी ३१ मार्च २०२४ पासून, तर भू-सीमांवरील तपासणी १ जानेवारी २०२५ पासून उठविण्यात आली. तेव्हा ‘क्रोएशियासाठी वेगळा व्हिसा लागतो’ किंवा ‘रुमानियातील दिवस मोजले जात नाहीत’ ही पूर्वीच्या प्रवाशांकडून ऐकलेली माहिती आता उपयोगाची नाही.

येथे तीन वर्तुळे वेगवेगळी ओळखावयास हवीत. पहिले युरोप खंडाचे, दुसरे युरोपीय संघाचे आणि तिसरे शेंगेन क्षेत्राचे. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनस्टाइन हे देश युरोपीय संघात नाहीत. पण शेंगेन क्षेत्रात आहेत. उलट आयर्लंड युरोपीय संघाचा सदस्य असूनही शेंगेनबाहेर राहिला आहे. ब्रिटन शेंगेनमध्ये कधीच नव्हता, आणि ३१ जानेवारी २०२० रोजी तो युरोपीय संघातूनही बाहेर पडला. युरो हे चलन हे तर आणखी चौथे वर्तुळ. मॉन्टेनेग्रो युरोपीय संघात नाही, शेंगेनमध्येही नाही; तरी तेथे व्यवहार युरोमध्येच होतो. एका वर्तुळावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

व्हिसाचे लेबल वाचावे कसे?

व्हिसा मिळाला की आपण तो आनंदाने पाहतो. पण वाचतोच असे नाही. त्या छोट्या लेबलवर चार गोष्टी अत्यंत महत्त्वाच्या असतात.

पहिली गोष्ट, व्हिसा कोणत्या प्रदेशासाठी वैध आहे. साधारणतः तेथे ‘शेंगेन स्टेट्स’ अशा अर्थाचे शब्द असतात. क्वचित काही देशांपुरता मर्यादित व्हिसा दिला जातो. त्या वेळी तसा उल्लेख असतो.

दुसरी गोष्ट, वैधतेच्या दोन तारखा. या तारखांच्या दरम्यान प्रवास सुरू होऊन संपला पाहिजे.

तिसरी गोष्ट, वास्तव्याचे दिवस. येथे अनेकांची गल्लत होते. वैधतेची मुदत प्रत्यक्ष वास्तव्याच्या दिवसांपेक्षा सर्वसाधारणपणे पंधरा दिवसांनी अधिक ठेवलेली असते. प्रवासाची तारीख थोडी मागेपुढे झाल्यास अडचण होऊ नये हा त्यामागील हेतू. लेबलवर तीस दिवस लिहिले असतील, तर मुदत पंचेचाळीस दिवसांची दिसली तरी राहता येते ते तीसच दिवस.

चौथी आणि या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रवेशांची संख्या. तेथे १ असेल तर एकच प्रवेश, २ असतील तर दोन आणि ‘मल्ट’ असे असेल तर मुदतीत कितीही वेळा प्रवेश. एकप्रवेशी व्हिसाधारक शेंगेन क्षेत्रातून बाहेर पडला की त्याचा व्हिसा त्या क्षणी संपतो. लेबलवरील तारीख अद्याप बाकी आहे, दिवसही शिल्लक आहेत, याचा काही उपयोग होत नाही.

दुब्रोव्हनिकची एक दिवसाची सहल

हा नियम प्रत्यक्षात कसा बाधतो हे समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. म्युनिकमध्ये नोकरी करणारा मुलगा आपल्या आईवडिलांना घेऊन क्रोएशियातील दुब्रोव्हनिक या किनारी शहरात सुट्टीला जातो. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया हे चारही देश शेंगेन क्षेत्रात असल्याने येथपर्यंत काही अडचण नाही.

दुब्रोव्हनिक मात्र अशा जागी वसले आहे की त्याच्या एका अंगाला बोस्निया-हर्झेगोव्हिना आणि दुसऱ्या अंगाला मॉन्टेनेग्रो. हे दोन्ही देश शेंगेनबाहेरचे. शहरातून दररोज एक दिवसाच्या सहली निघतात. एक सहल मॉन्टेनेग्रोमधील कोटोरच्या निसर्गरम्य आखाताकडे जाते, दुसरी बोस्नियातील मोस्तार या गावी. मोस्तारचा दगडी कमानीचा पूल १५६६ साली ऑटोमन राजवटीत पूर्ण झाला होता. १९९३ च्या युद्धात तो कोसळला आणि पुनर्बांधणीनंतर २००४ साली पुन्हा खुला झाला. इतक्या जवळ येऊन ते न पाहता परतावे असे कोणाला वाटेल?

परंतु या सहलीत एकाच मोटारीत बसलेल्या तिघांची कायदेशीर स्थिती एकसारखी नाही. मुलाकडे जर्मनीचा वास्तव्य परवाना आहे. तो परवाना आणि पासपोर्ट दाखवून त्याला परत शेंगेन क्षेत्रात येता येते. आईवडिलांच्या व्हिसावर एकच प्रवेश नोंदलेला असेल, तर क्रोएशियाच्या सीमेवर त्यांच्या बहिर्गमनाची नोंद होताच तो व्हिसा संपतो. बोस्नियाच्या नियमानुसार तर स्वतंत्र व्हिसाविना प्रवेशासाठी मुळात बहुप्रवेशी शेंगेन व्हिसा लागतो. म्हणजे पुढचा देश आत घेईलच असे नाही, आणि मागे वळावे तर मागचे दार बंद झालेले.

ध्यानात घेण्याजोगी बाब अशी, की जाताना कोणी अडवत नाही. देशातून बाहेर जाणाऱ्याला थांबविण्याचे सीमा अधिकाऱ्याला सहसा कारण नसते. अडचण उभी राहते ती संध्याकाळी परतताना. अशा वेळी त्या देशातील शेंगेन दूतावासाकडे नव्या व्हिसासाठी अर्ज करणे किंवा शेंगेनबाहेरील एखाद्या विमानतळामार्गे थेट भारतात परतणे, एवढेच मार्ग उरतात. सामान दुब्रोव्हनिकच्या हॉटेलात, परतीचे तिकीट म्युनिकहून, औषधे दोन दिवसांपुरती, अशा स्थितीत वयस्कर प्रवाशांचे किती हाल होतील याची कल्पना करता येईल.

हीच भीती पूर्वी खुद्द दुब्रोव्हनिकला जातानाही होती. क्रोएशियाचा किनारा नेऊम येथे बोस्नियाच्या सुमारे वीस किलोमीटरच्या पट्टीने तुटलेला आहे. स्प्लिटकडून किनाऱ्याच्या रस्त्याने दुब्रोव्हनिकला जाणाऱ्यास बोस्नियात शिरून पुन्हा क्रोएशियात यावे लागे. २६ जुलै २०२२ रोजी पेल्येशाट्स पूल वाहतुकीस खुला झाला आणि क्रोएशियातून बाहेर न पडता दुब्रोव्हनिक गाठता येऊ लागले. भाड्याच्या मोटारीतील दिशादर्शक यंत्र कधी कधी नेऊमचा रस्ता सुचविते. एकप्रवेशी व्हिसाधारकाने पुलाचाच मार्ग धरावा.

असाच फसवा देश म्हणजे फ्रान्स आणि स्पेन यांच्या मधील अँडोरा. हा चिमुकला देश स्वतः व्हिसा मागत नाही. पण तेथे जाण्याचा मार्ग फ्रान्स वा स्पेनमधूनच आहे, आणि अँडोरा शेंगेन क्षेत्रात नाही. परत येण्यासाठी दुसरा प्रवेश लागतोच. याउलट इटलीने वेढलेली व्हॅटिकन सिटी व सान मारिनो आणि फ्रान्सला लागून असलेले मोनॅको येथे जाताना सीमा तपासणी होत नाही, त्यामुळे प्रवेशांच्या संख्येवर परिणाम होत नाही.

शेंगेन व्हिसावर प्रवेश देणारे शेजारी

ज्यांच्या पासपोर्टवर बहुप्रवेशी शेंगेन व्हिसा आहे, त्यांच्यासाठी बाल्कन प्रदेशातील अनेक देशांची दारे स्वतंत्र व्हिसाविना उघडतात. प्रत्येकाची अट मात्र वेगळी आहे.

सर्बिया : वैध शेंगेन, ब्रिटिश किंवा अमेरिकन व्हिसा असल्यास १८० दिवसांच्या कालावधीत ९० दिवसांपर्यंत वास्तव्य करता येते.

अल्बेनिया : बहुप्रवेशी शेंगेन, ब्रिटिश किंवा अमेरिकन व्हिसा हवा आणि तो पूर्वी एकदा तरी वापरलेला असावा. कोरा, न वापरलेला व्हिसा घेऊन भारतातून थेट तिराना येथे उतरणाऱ्याला ही सवलत लागू होत नाही.

बोस्निया-हर्झेगोव्हिना : बहुप्रवेशी शेंगेन व्हिसावर ३० दिवसांपर्यंत.

मॉन्टेनेग्रो : वैध शेंगेन व्हिसावर ३० दिवसांपर्यंत, परंतु व्हिसाच्या मुदतीच्या आत.

उत्तर मॅसिडोनिया : बहुप्रवेशी शेंगेन व्हिसावर एका वेळी १५ दिवसांपर्यंत, शिवाय नियोजित वास्तव्य संपल्यावर व्हिसाची मुदत आणखी किमान पाच दिवस शिल्लक असली पाहिजे.

सायप्रस : दोन किंवा अधिक प्रवेशांच्या शेंगेन व्हिसावर प्रवेश मिळतो.

या सवलती त्या त्या देशाने स्वतःहून दिलेल्या असतात आणि तो देश त्या मागेही घेऊ शकतो. सर्बियाचे उदाहरण बोलके आहे. २०१७ पासून सामान्य भारतीय पासपोर्टधारकांना तेथे कोणत्याही व्हिसाविना ३० दिवस राहता येत असे. १ जानेवारी २०२३ पासून ही सवलत रद्द करण्यात आली. तेव्हा एखाद्या परिचिताने ‘आम्ही तर तसेच गेलो होतो’ असे सांगितल्यास तो कोणत्या वर्षी गेला होता हे विचारणे इष्ट. तिकीट काढण्यापूर्वी आणि प्रस्थानापूर्वी, अशा दोन्ही वेळी त्या देशाच्या परराष्ट्र मंत्रालयाची अधिकृत माहिती पाहावी.

ब्रिटन आणि आयर्लंड यांची गोष्ट निराळी आहे. शेंगेन व्हिसा या दोन्ही देशांत भेटीसाठी चालत नाही. पॅरिसहून लंडनला रेल्वेने जाणाऱ्या प्रवाशाची ब्रिटिश तपासणी पॅरिसच्या स्थानकावर, गाडीत बसण्यापूर्वीच होते. त्यामुळे व्हिसा नसलेल्याला तेथूनच परत फिरावे लागते. बेलफास्ट आणि डब्लिन यांच्या दरम्यानच्या रस्त्यावर नाका दिसत नाही; तरी ती दोन देशांमधील सीमा आहे. तेथे दुसऱ्या देशाचा व्हिसा, अथवा दोन्ही देशांच्या संयुक्त योजनेखाली तशी नोंद असलेला व्हिसा, जवळ असावा लागतो. सीमा दिसत नाही म्हणजे ती नाही, असे समजू नये.

नव्वद दिवसांचा हिशेब

अल्पकालीन शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांच्या कालावधीत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. ऑक्टोबर २०१३ पासून हा १८० दिवसांचा कालावधी सरकता धरला जातो. म्हणजे मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी, तो दिवस धरून मागचे १८० दिवस पाहावयाचे आणि त्यात एकूण वास्तव्य ९० दिवसांपेक्षा अधिक झाले नाही ना, हे तपासावयाचे. प्रवेशाचा आणि बहिर्गमनाचा दिवसही पूर्ण दिवस म्हणून मोजला जातो.

समजा, बहुप्रवेशी व्हिसा असलेले एक जोडपे १ एप्रिल रोजी जर्मनीत पोहोचले आणि ३० मे रोजी परतले. एप्रिलचे ३० आणि मेचे ३० मिळून ६० दिवस झाले. ते पुन्हा १ जुलैला गेले, तर मागच्या १८० दिवसांत हे साठही दिवस येतात. उरतात ३० दिवस. म्हणून ३० जुलैपर्यंत त्यांना परतावे लागेल. तेच जोडपे २८ सप्टेंबरला गेले असते, तर जुन्या मुक्कामातील एकेक दिवस दररोज हिशेबातून गळत गेला असता, आणि व्हिसाची मुदत व त्यावरील दिवस तेवढे असल्यास त्यांना २६ डिसेंबरपर्यंत सलग ९० दिवस राहता आले असते. नातवंडाच्या जन्माच्या वेळी जाण्याचा बेत असेल, तर हा हिशेब आधीच करून ठेवावा. ऐन वेळी दिवस कमी पडल्यास मुदतवाढ केवळ अपवादात्मक कारणांसाठीच मिळते.

बोस्निया, सर्बिया यांसारख्या शेंगेनबाहेरील देशांतील दिवस या ९० मध्ये धरले जात नाहीत. पण सकाळी जाऊन संध्याकाळी परतल्यास तो दिवस शेंगेनमध्येच मोजला जातो.

पूर्वी हा हिशेब पासपोर्टवरील शिक्क्यांवरून होई. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाह्य सीमांवर संगणकीय प्रवेश-निर्गमन नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि ती सर्वत्र पूर्ण करण्यासाठी १० एप्रिल २०२६ ही तारीख ठरविण्यात आली. या पद्धतीत शिक्क्याची जागा चेहऱ्याचे छायाचित्र, बोटांचे ठसे आणि तारखांची नोंद यांनी घेतली आहे. दिवसांची मोजणी यंत्र करते. एक दिवस अधिक राहिल्यासही ते त्याच्या नजरेतून सुटत नाही. अधिक वास्तव्याची नोंद पुढील व्हिसाच्या वेळी आड येते. दंड किंवा प्रवेशबंदीही होऊ शकते.

व्हिसा म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे

व्हिसा प्रवाशाला सीमेपर्यंत पोहोचवितो. प्रवेश द्यावयाचा की नाही, याचा अंतिम निर्णय सीमा अधिकारी घेतो. प्रवासाचा हेतू, मुक्कामाचा पत्ता, परतीचे तिकीट, पुरेसा पैसा आणि विमा यांविषयी तो विचारणा करू शकतो. मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांनी मुलाचे निमंत्रणपत्र, त्याचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक, विम्याची प्रत आणि परतीचे तिकीट हातातील पिशवीत ठेवावे. सामानाच्या पेटीत नव्हे. भाषेची अडचण असल्यास ही कागदपत्रे आपल्या वतीने बोलतात. प्रवेश नाकारल्यास त्याची कारणे लेखी देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे आणि त्याविरुद्ध दाद मागता येते.

शेंगेनच्या आतही पासपोर्ट सदैव जवळ बाळगावा. विशेष परिस्थितीत सदस्य देशांना अंतर्गत सीमांवर तात्पुरती तपासणी पुन्हा सुरू करता येते. जर्मनीने १६ सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सर्व भू-सीमांवर अशी तपासणी सुरू केली आणि पुढे तिची मुदत वाढविली. ‘येथल्या येथेच तर जायचे’ म्हणून पासपोर्ट घरी ठेवून निघालेल्या प्रवाशाची साल्झबुर्गहून परतताना पंचाईत होऊ शकते. स्वित्झर्लंड युरोपीय संघाच्या सीमाशुल्क व्यवस्थेबाहेर असल्याने तेथे जाता-येताना सामानाची तपासणीही होऊ शकते.

अर्ज करतानाच विचार करावा

शेजारचे देश पाहण्याचा बेत असल्यास त्याचा उल्लेख अर्जातच करावा आणि बहुप्रवेशी व्हिसाची मागणी करावी. प्रवासक्रमात मोस्तार किंवा बेलग्रेड दाखविले असल्यास त्या मागणीला आधार मिळतो. अर्ज ज्या देशात सर्वाधिक दिवस मुक्काम आहे त्याच्याकडे करावयाचा असतो. दिवस समान असल्यास ज्या देशातून प्रथम प्रवेश होणार त्याच्याकडे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि तो किमान पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. निर्णयास सामान्यतः १५ दिवस लागतात. काही प्रकरणी ४५ दिवसही लागू शकतात. जून २०२४ मध्ये प्रौढांसाठीचे शुल्क ९० युरो करण्यात आले.

पासपोर्ट मागील दहा वर्षांत दिलेला असावा, परतीच्या नियोजित तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा आणि त्यात दोन पाने कोरी असावीत. प्रवास विम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोंचे लागते. हा विमा घेताना तो शेंगेनबाहेरील शेजारी देशांतही लागू आहे का, हे पाहावे. केवळ शेंगेनपुरता असलेला विमा मोस्तारमधील रुग्णालयात उपयोगी पडत नाही.

भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी युरोपीय आयोगाने एप्रिल २०२४ मध्ये एक सोयीचा नियम केला आहे. मागील तीन वर्षांत दोन व्हिसा मिळवून त्यांचा नियमानुसार वापर केलेल्या प्रवाशाला दोन वर्षांचा बहुप्रवेशी व्हिसा मिळू शकतो आणि त्यानंतर, पासपोर्टची मुदत पुरेशी असल्यास, पाच वर्षांचा. जुन्या व्हिसांचे शिस्तीने केलेले पालन येथे कामास येते. एक-दोन दिवसांच्या हलगर्जीपणाने ही पुंजी गमावू नये.

पैशांची तयारी

व्हिसा अर्जासोबत बँकेचा खातेउतारा द्यावा लागतो. त्यात खात्यातील नियमित व्यवहार आणि स्थिर शिल्लक दिसावी, अशी अपेक्षा असते. अर्जाच्या आदल्या आठवड्यात एकदम जमा झालेली मोठी रक्कम विश्वास वाढविण्याऐवजी शंका निर्माण करते. निवृत्तिवेतनाची नोंद आणि मुदत ठेवींचे प्रमाणपत्र जोडल्यास ज्येष्ठ नागरिकांचा अर्ज अधिक सुस्पष्ट होतो.

निवासी भारतीयास उदारीकृत विप्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकन डॉलरपर्यंत परकीय चलन पाठविता वा वापरता येते. नोटांच्या स्वरूपात मात्र एका प्रवासासाठी सामान्यतः ३,००० डॉलर किंवा तेवढ्या मूल्याचे अन्य चलन मिळते. उर्वरित रक्कम प्रवास कार्डावर घ्यावी. युरोपीय संघात प्रवेश करताना किंवा बाहेर पडताना १०,००० युरो वा त्याहून अधिक रोख जवळ असल्यास तसे घोषित करणे सक्तीचे आहे.

शेजारी देशांत चलनही बदलते. क्रोएशियात १ जानेवारी २०२३ पासून आणि बल्गेरियात १ जानेवारी २०२६ पासून युरो आहे. बोस्नियात परिवर्तनीय मार्क, सर्बियात दिनार, अल्बेनियात लेक आणि उत्तर मॅसिडोनियात देनार चालतो. एका दिवसाच्या सहलीसाठी मोठी रक्कम बदलून घेऊ नये. कार्ड परदेशात वापरण्याची सुविधा आपल्याला प्रस्थानापूर्वी सुरू करून घ्यावी लागते. कार्डाने पैसे देताना यंत्र ‘रुपयांत की स्थानिक चलनात’ असे विचारते. स्थानिक चलन निवडणे साधारणतः स्वस्त पडते. परतल्यावर उरलेले चलन १८० दिवसांच्या आत बँकेत जमा करावे. २,००० डॉलरपर्यंतची रक्कम पुढील प्रवासासाठी स्वतःजवळ ठेवण्यास मुभा आहे.

निघण्यापूर्वी पाच प्रश्न

शेजारच्या देशात जाण्याचा बेत ठरताच पुढील पाच प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत.

१. तो देश शेंगेन क्षेत्रात आहे की बाहेर?
२. बाहेर असल्यास, माझ्या हातातील व्हिसावर तो मला प्रवेश देतो का, आणि कोणत्या अटींवर?
३. परत शेंगेनमध्ये येण्यासाठी माझ्या व्हिसावर प्रवेश शिल्लक आहे का?
४. परतीच्या तारखेपर्यंत माझे ९० दिवस आणि व्हिसाची मुदत पुरते का?
५. विमा, कार्ड आणि भाड्याच्या मोटारीचा करार सीमेपलीकडे लागू आहे का?

हे प्रश्न कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीसाठी स्वतंत्रपणे विचारावेत. मुलाला जे लागू आहे ते आईवडिलांना लागू असेलच असे नाही, आणि पतीच्या व्हिसावर जे लिहिले आहे तेच पत्नीच्या व्हिसावर असेल असेही नाही. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आले, तर मोस्तारचा पूल पुढच्या वेळेसाठी राखून ठेवावा. दुब्रोव्हनिकच्या तटबंदीवरून दिसणारा एड्रियाटिक समुद्रही काही कमी सुंदर नाही आणि तो पाहण्यास दुसऱ्या प्रवेशाची गरज पडत नाही.

आपला प्रवास सुखाचा होवो.